आजारपण म्हणजे खाडा नव्हे!



परिपत्रके मराठीत मिळावीत, जमिनीचे उतारे मराठीत मिळावेत, मतदारयाद्या मराठीत छापाव्यात, अशा मागण्या या पानांवरून वर्षानुवर्षे होत आल्या आहेत आणि त्या पूर्ण होईपर्यंत होत राहतील. आज मात्र आम्हाला अशा एका कागदाविषयी लिहायचे आहे, जो आपल्याकडे बहुतेक ठिकाणी आजही मराठीतच लिहिला जातो. मालक मराठी, नोकर मराठी, आकडेही मराठी. हा कागद म्हणजे आपल्या दुकानातली हजेरीची वही. नोकर तापाने फणफणून घरी पडला की या वहीत त्याच्या नावापुढे एक फुली पडते. त्या फुलीला आपण ‘खाडा’ म्हणतो. महिनाअखेर फुल्या मोजायच्या, तितक्या दिवसांचा पगार वजा करायचा, हिशेब मिटला! लग्नाच्या वरातीत नाचायला गेला तो खाडा, दारू पिऊन पडला तोही खाडा, आणि मूतखड्याने तळमळत सिव्हिलच्या खाटेवर होता तोही खाडाच. ही वही आजोबांच्या काळापासून चालत आली आहे, त्यामुळे ती कायद्याच्या विरुद्ध असेल हे कुणाच्या मनातही येत नाही. पण ती कायद्याच्या विरुद्ध आहे आणि तेच आज सांगायचे आहे.

आम्ही बँकेत कारकुनी करतो. काउंटरच्या अलीकडे बसणाऱ्याला गावाचे आजारपण डॉक्टरांच्या खालोखाल दिसत असते. सोनेतारणाचा अर्ज भरताना कर्जाचे कारण विचारावे लागते. शेतीखर्च, मुलीचे लग्न, शाळेची फी ही कारणे असतातच, पण आवाज खाली करून सांगितले जाणारे कारण एकच, ‘दवाखाना’. लोकांना वाटते, औषधांनी घर बुडाले. आमच्या मते औषधाचा खर्च निम्मा दोषी आहे. उरलेला निम्मा दोष त्या महिन्यात हातात आलेल्या अर्ध्या पगाराचा. ज्या महिन्यात खर्च दुप्पट, नेमक्या त्याच महिन्यात मिळकत अर्धी! जमा आणि खर्च अशा दोन्ही बाजूंनी एकाच वेळी मार बसला तर कुठलेही खाते टिकत नाही, हे बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला बसलेले पोरही सांगेल.

म्हणून माणसे दुखणे अंगावर काढतात. उद्यमबागेत भट्टीसमोर ताप घेऊन उभी राहतात, वडगाव-खासबागेत मागावर खोकत खोकत पाळी पुरी करतात, कापडाच्या दुकानात सुजलेल्या पायांनी दिवसभर ठाण उलगडतात. दवाखाना रविवारवर ढकलतात, तर रविवारी सरकारी ओपीडी बंद! ओपीडी सुरू असते ती कामाच्या दिवशी आणि कामाच्या वेळी. मग नोकरी करणाऱ्या माणसाने सरकारी दवाखान्याची पायरी चढायची तरी केव्हा? एकदम जीवावर बेतल्यावरच ना?

हा खाडा वाढत वाढत कुठे जाऊन पोचतो ते पाहायचे असेल तर बीड जिल्ह्याकडे पाहावे. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. मुकादमाची उचल घेतलेली असते आणि एक दिवस काम चुकले की खाड्याचा दंड बसतो, पाचशे रुपये आणि काही टोळ्यांत त्याहूनही जास्त. पाळीचे दुखणे असो, अंगावरून जाणे असो, पालात एक दिवस पडून राहायची सोय नाही. २०१९ साली हे प्रकरण गाजले आणि महाराष्ट्र शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातील ८२ हजारांवर ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजार ८०० हून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. सगळ्या शस्त्रक्रिया खाड्यापायीच झाल्या असे आम्ही म्हणत नाही. त्यात काही खासगी डॉक्टरांची लूट आहे, कोवळ्या वयातली लग्ने आणि बाळंतपणे आहेत. पण दर महिन्याचा दंड परवडत नाही म्हणून पिशवीच काढून टाकली, असे त्यांतल्या कित्येक बायकांनी स्वतःच्या तोंडाने सांगितले. दंड चुकवायला शरीराचा अवयव! आणि हे बीडचे आहे म्हणून सोडून देऊ नये. याच टोळ्या दर हंगामात कोल्हापूर-सांगलीकडे उतरतात आणि आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या पट्ट्यातही उतरतात.

आता कायद्याकडे येऊ. कर्नाटकाचा दुकाने व वाणिज्य आस्थापना कायदा १९६१ सालचा आहे. त्याच्या पंधराव्या कलमात दुकान, हॉटेल, खासगी कार्यालय अशा ठिकाणी काम करणाऱ्याला वर्षाला बारा दिवसांपर्यंत पगारी रजेचा हक्क दिला आहे. कशासाठी, तर आजारपण, अपघात ‘किंवा अन्य वाजवी कारण’. हे शेवटचे शब्द वाचकांनी लक्षात ठेवावेत. पोराला ताप आला म्हणून त्याला दवाखान्यात नेणे, म्हाताऱ्या आईचे डोळे तपासून आणणे, हे वाजवी कारण नाही असे म्हणायला कुणाची जीभ रेटेल? ही बारा दिवसांची रजा नोकरीच्या पहिल्या वर्षापासून लागू आहे. शिवाय वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस कमावलेली रजा साठते, ती वेगळी. मूळ कायद्यात नोकर किमान इतके हवेत अशी अटही नाही. आणि सहा महिने सलग नोकरी झालेल्या माणसाला वाजवी कारण आणि एक महिन्याची नोटीस किंवा तिच्याऐवजी पगार दिल्याशिवाय काढता येत नाही, असे ३९ वे कलम सांगते. ‘उद्यापासून येऊ नकोस’ हे वाक्य आपल्या बाजारपेठेत रोज ऐकू येते. ते किती महाग पडू शकते याची बोलणाऱ्याला कल्पना नसते आणि ऐकणाऱ्याला तर मुळीच नसते.

इथे एक कडू गोष्ट सांगणे भाग आहे. महाराष्ट्राने २०१७ साली नवा दुकाने कायदा केला. त्याच्या रजेच्या तरतुदी २०२५ पर्यंत दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरत्या होत्या आणि त्यात किरकोळ रजा आठ दिवसांची आहे. आजारपणासाठी म्हणून वेगळी रजा त्यात नाही. म्हणजे या एका बाबतीत, ज्या राज्यात आम्हाला आमच्या मर्जीविरुद्ध कोंबले गेले त्या राज्याचा कायदा, ज्या राज्यात आम्हाला जायचे आहे त्याच्या कायद्यापेक्षा उजवा आहे. हे लिहिल्याबद्दल कुणाला राग आला तर यावा. आमची मागणी त्यामुळे तसूभरही ढळत नाही. महाराष्ट्रात जाताना हे बारा दिवस आम्ही सोबत घेऊन जाऊ आणि मुंबईला म्हणू, आता तुम्हीही द्या! पण सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. निकालाची वाट पाहायला आम्ही तयार आहोत, पण अंगातला ताप तयार नसतो.

मग १९६१ चा हक्क आजवर आपल्या माणसाला ठाऊक का नाही? एक कारण उघड आहे. कायदा कन्नडात आणि इंग्रजीत. भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठी १९५६ पासून ठरत आलेली सूत्रे सांगतात की, ज्या जिल्ह्यात, तालुक्यात किंवा नगरपालिकेत एखाद्या भाषेचे लोक पंधरा टक्के किंवा अधिक असतील तिथे महत्त्वाचे नियम व सूचना त्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात. याच पंधरा टक्क्यांवर बोट ठेवून आपण परिपत्रकांसाठी मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या. पण कामगार कायद्याचा गोषवारा मराठीत लावा, म्हणून एक तरी निवेदन आपण दिल्याचे आमच्या ऐकिवात नाही. का दिले नाही? दुसरे कारण इथेच दडले आहे. तो गोषवारा लागणार होता आपल्याच दुकानांच्या भिंतींवर!

ऑक्टोबर २०२५ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने नोकरदार महिलांना मासिक पाळीसाठी महिन्याला एक पगारी रजा मंजूर केली. वर्तमानपत्रांनी मथळे दिले, बाजूने आणि विरोधात चर्चा झडल्या, प्रकरण न्यायालयातही गेले. निर्णय चांगलाच आहे. पण साठ वर्षांपूर्वीचे बारा दिवस ज्या मुलीला मिळाले नाहीत, तिच्या हातात हे नवे बारा दिवस कोण ठेवणार?

कारखान्यांचे गणित वेगळे आहे. तिथे कामगार राज्य विमा, म्हणजे आपल्या बोलण्यातला ईएसआय. या योजनेचा आराखडा १९४४ साली बी. पी. अडारकर यांनी सरकारला सादर केला, तेव्हा कामगार खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. १९४८ ला कायदा झाला, १९५२ ला कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. एका मराठी अर्थतज्ज्ञाने कागदावर मांडलेली ही योजना उद्यमबागेतल्या मराठी पोराला नीट माहीत नसावी, याला काय म्हणावे? कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो. सहा महिन्यांच्या मुदतीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असली की पुढच्या लाभ-मुदतीत आजारपणाच्या काळात पगाराच्या ७० टक्के भत्ता मिळतो, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. क्षयरोगासारख्या लांबणाऱ्या दुखण्यांना भत्ता ८० टक्के आहे आणि अटी पुऱ्या करणाऱ्याला तो दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. हे पैसे मालकाच्या खिशातून जात नाहीत, विम्यातून येतात. तरीही आजारी कामगाराला अशोकनगरच्या ईएसआय रुग्णालयात जाऊ देताना काही मालकांचे तोंड असे होते, जणू त्यांची किडनीच मागितली!

यातल्या मेखाही सांगितल्या पाहिजेत. दुखण्याचे पहिले दोन दिवस सहसा भत्ता नसतो. म्हणजे दोन दिवसांच्या तापाला खाडा ठरलेलाच. ७८ दिवसांची अट मोडावी म्हणून कंत्राटी पोरांची नावे अधूनमधून पटावरून उतरवायची, दुसऱ्या नावाने चढवायची, हा धंदा कुणाला ठाऊक नाही? साखर कारखान्यासारखे हंगामी कारखाने तर १९४८ च्या कायद्याने पहिल्यापासूनच बाहेर ठेवले. त्याच कायद्याच्या ७३ व्या कलमाने आजारपणाचा भत्ता घेत असलेल्या कामगाराला काढायला किंवा शिक्षा करायला मनाई केली होती, पण ज्याचे नावच पटावर नाही त्याला कलमाचा काय उपयोग?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राने चार कामगार संहिता लागू केल्या. जुने कायदे त्यांत विरघळले. प्रत्येकाला नेमणूकपत्र देणे सक्तीचे झाले, ही चांगली गोष्ट. कारखान्यातल्या कमावलेल्या रजेसाठी वर्षात २४० दिवस भरावे लागत, ते १८० वर आले, हेही चांगले. पण कारखान्याचे रजेचे नियम लेखी बांधून देणारे स्थायी आदेश पूर्वी शंभर कामगारांवर लागत, ते आता तीनशेवर लागतात. उद्यमबाग, मच्छे इथले बहुतेक कारखाने लहान. तीनशेच्या चाळणीत आपल्याकडचे किती उरतील? आणि चाळिशीवरच्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत तपासणी करण्याचे जाहीर झाले आहे, तेव्हा आम्हाला एवढेच विचारायचे आहे की त्या तपासणीचा दिवस हजेरीत धरणार की तोही खाडा?

निपाणीचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. तंबाखूच्या वखारींत जर्द्याच्या धुरळ्यात पदराने नाक बांधून राबणाऱ्या बायकांनी सत्तरीच्या अखेरीस आणि ऐंशीच्या दशकात संघटना बांधली. छाया दातार यांनी तिच्यावर १९८९ साली इंग्रजीत ग्रंथ लिहिला. दिल्लीच्या विद्यापीठांत निपाणीचे नाव तंबाखूइतकेच या बायकांमुळे गेले. १९६६ च्या बिडी कामगार कायद्याने वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा लिहून ठेवली होती. पण घरी सूप मांडीवर घेऊन बिड्या वळणारीला मजुरी हजारावर मिळते. बिड्या वळल्या तर पैसे, नाही तर नाही. खोकल्याने बसवेना तर तिच्या नावे खाडासुद्धा लागत नाही, कारण हजेरीच नाही! तिचे आजारपण कुठल्याच वहीत दिसत नाही. त्यात बिडीवरचा उपकर, ज्यातून कल्याण निधी आणि दवाखाने चालत, तो २०१७ साली जीएसटी आल्यावर बंद झाला. त्यावर आपल्या कुठल्या पुढाऱ्याने आवाज उठवला होता, हे वाचकांनीच आठवून पाहावे.

हे हक्क काही विलायतेतून उसने आणलेले नाहीत. जर्मनीत बिस्मार्कने आजारपणाच्या विम्याचा कायदा १८८३ साली केला. त्यानंतर एकाच वर्षाने, १८८४ मध्ये, मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची सभा भरवली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. रविवारची सुटी सगळ्यांना आठवते. पण कामावर जबर दुखापत झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, ही मागणीही त्याच निवेदनात होती. रविवार १८९० साली मिळाला. दुखापतीच्या पगाराची मागणी करणारा माणूस मराठी होता, हे आपण जयंतीच्या भाषणातसुद्धा सांगत नाही. आणि आम्हा बँकवाल्यांना आजारपणाची रजा आहे म्हणून लोक नावे ठेवतात, ‘तुमचे काय बुवा, बसून पगार!’ वर्षाला एक महिना अर्ध्या पगारी, नाही तर त्याच्या निम्मे दिवस पूर्ण पगारी, ही रजा आम्हाला कुणी दया येऊन दिली नाही. शास्त्री निवाडा १९५३, देसाई निवाडा १९६२, पहिला द्विपक्षीय करार १९६६, अशी ती भांडून घेतलेली आहे. नावे ठेवण्यापेक्षा तुम्हीही मागा, असे आमचे म्हणणे.

आता आपल्याच मालकांचा युक्तिवाद. ‘दुकान लहान, धंदा मंद, ऑनलाइनने कंबर मोडली, आम्ही कुठून देणार?’ कारकुनाकडून हिशेब घ्या. बारा हजार पगाराच्या नोकराचा दिवस चारशे रुपयांचा. बारा दिवस पुरेपूर घेतले तरी वर्षाचे चार हजार आठशे, म्हणजे महिन्याला चारशे. गणेशोत्सवाची वर्गणी, मिरवणुकीचा डॉल्बी, पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फलक, यांतले एकेक याहून महाग पडते. ‘दिली तर सगळेच बारा दिवस घेतील’ ही दुसरी तक्रार. घेतील काही जण. पण खोटे बोलायला शिकवतो कोण? ताप आला म्हटले की पगार कापला जातो आणि आजी वारली म्हटले की निदान शिव्या बसत नाहीत, म्हणून एकेकाच्या चार चार आज्या मरतात!

टिळकवाडीकरांनीही हसून पान उलटू नये. सकाळी अनगोळ-मजगावहून आपल्या घरी धुण्या-भांड्याला येणाऱ्या बाईला हा कायदा लागत नाही. तिचा खाडा आपल्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर असतो. तिथे निरीक्षक येणार नाही. तिथे दर महिन्याला एक दिवस पगारी आजारपण द्यायला कुणाच्या परवानगीची गरज आहे?

एप्रिल २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने सीमाभागातील ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा लाभ देण्याचे ठरवले. कर्नाटकाने थयथयाट केला, आपण महाराष्ट्राचे आभार मानले, आणि ते योग्यच होते. पण त्या कार्डावर शस्त्रक्रिया मिळेल, शस्त्रक्रियेसाठी लागणारे दहा दिवस मिळणार नाहीत. ते दहा दिवस मुंबई देत नाही, बेंगळूरही देत नाही. ते द्यायचे आहेत गणपत गल्लीतल्या, मारुती गल्लीतल्या, काँग्रेस रोडवरच्या आपल्याच माणसांनी. १७ जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन करायला आणि १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळायला दुकान बंद ठेवणारा मालक त्या दिवसाचा पगार कापत नाही, ही अभिमानाची गोष्ट आहे. मग त्याच नोकराच्या टायफॉइडने काय घोडे मारले आहे?

संघटनेने तीन कामे ताबडतोब हाती घ्यावीत, अशी आमची मागणी आहे. पंधराव्या आणि ३९ व्या कलमाचा मराठी तर्जुमा स्वखर्चाने छापून वाटावा. पंधरा टक्क्यांच्या निवेदनात कामगार कायद्यांचा समावेश करावा. आणि आपल्या कार्यकारिणीवर जे जे दुकानदार, हॉटेलवाले आणि कारखानदार आहेत, त्यांनी पुढच्या सभेला आपापली हजेरीची वही घेऊन यावे. वही दाखवायला तयार नसलेल्याने व्यासपीठावर बसू नये.

तोवर ज्याला गरज आहे त्याने थांबू नये. दुकान, हॉटेल किंवा खासगी कार्यालयात काम करणाऱ्याने साध्या कागदावर असे लिहावे: ‘मी आपल्याकडे अमुक तारखेपासून नोकरीस आहे. अमुक ते अमुक या तारखांना आजारपणामुळे (किंवा घरातील अमुक व्यक्तीस दवाखान्यात नेण्यासाठी) मी कामावर येऊ शकत नाही. कर्नाटक दुकाने व वाणिज्य आस्थापना कायदा, १९६१, कलम १५ प्रमाणे या दिवसांची पगारी रजा मंजूर करावी.’ दोन प्रती कराव्यात, डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर जोडावी, एका प्रतीवर तारखेसह सही घ्यावी. सही दिली नाही तर रजिस्टर पोस्टाने पाठवून पावती जपून ठेवावी. पगार कापलाच तर दोन्ही कागद घेऊन कामगार खात्याच्या निरीक्षकाकडे तक्रार द्यावी. ती मराठीतच द्यावी. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाप्रमाणे केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. कन्नडात लिहून आणा असे कुणी म्हटले तर त्याच्याकडून तसे लेखी घ्यावे आणि तो कागद संघटनेच्या कार्यालयात आणून द्यावा. पुढचे आम्ही पाहतो.